प्लेगच्या इतिहासात बंदर आणा: धडे, फलक आणि पटकथा लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

प्लेगवर शाळेचा धडा लिहिणाऱ्यांना, संग्रहालयात त्या काळाचे फलक लावणाऱ्यांना आणि त्यावर नाटक, मालिका, माहितीपट करणाऱ्यांना हे पत्र आहे. मागणी एवढीच की आपल्याकडच्या प्लेगच्या गोष्टीत बंदर दिसत नाही, ते आणा. आणि आणाल तेव्हा १८९७ चं बंदर आणि १९०३ नंतरचं बंदर एकमेकांत मिसळू नका.

आज ती गोष्ट बहुधा पुण्यात सुरू होते. सोजीर घरात शिरतात, बूट देवघरापर्यंत जातात, माणसं छावणीत नेली जातात. १० मार्च १८९७ ला रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई जातात. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली जाते. यातलं काहीही गाळा असं आम्ही म्हणत नाही. पण पुण्यात प्लेग मुंबईहून आला आणि मुंबईत तो समुद्रावरून आला. ज्या कायद्याच्या आधाराने पुढे घरांच्या झडत्या झाल्या, तो ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा अवघ्या चार कलमांचा. दुसऱ्या कलमात सरकारला लागतील ते उपाय करण्याची मोघम मुभा आहे. नाव घेऊन सांगितलेले अधिकार मात्र मूळ मजकुरात दोनच होते. पहिला, बंदरात येणाऱ्या आणि बंदरातून सुटणाऱ्या जहाजांची तपासणी करण्याचा, जहाज आणि त्यातली माणसं अडवून ठेवण्याचा. दुसरा, रेल्वेने किंवा इतर मार्गांनी प्रवास करणाऱ्यांना तपासण्याचा आणि संशयितांना वेगळं ठेवण्याचा. घराचा उंबरठा त्या मजकुरात कुठेच नाही.

जहाजाला पहिला मान मिळाला तो व्यापारामुळे. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेग ओळखला आणि २३ तारखेला ते जाहीर झालं. त्यानंतर युरोपातली बंदरं मुंबईच्या मालाला आणि माणसांना दारं लावू लागली. १६ फेब्रुवारी १८९७ ला व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद बसली. म्हणजे आपला कायदा परिषदेच्या बारा दिवस आधीचा. तिथे जाताना हिंदुस्थान सरकारला हातात काहीतरी दाखवायला हवं होतं. त्याच महिन्यात मुंबई आणि कराचीहून हजला जाणारी वाहतूकही बंद केली गेली. घराघरातल्या जुलमाची मुळं गोदीच्या हिशेबात कशी होती, हे मुलांना सांगायचं तर या तारखा एका ओळीत मांडाव्याच लागतील.

१९ मार्चला व्हेनिसचा करार झाला. त्यात जहाजांचे तीन वर्ग होते. जहाजावर प्लेगचा रोगी आहे किंवा गेल्या १२ दिवसांत नवा रोगी निघाला आहे, तर ते दूषित. निघताना किंवा वाटेत रोगी होता, पण १२ दिवसांत नवा नाही, तर संशयित. आणि प्लेगच्या बंदरातून आलेलं असलं तरी वर रोगी नाही, मृत्यू नाही, तर निरोगी. दूषित जहाजावरचे रोगी उतरवून वेगळे ठेवायचे, बाकीच्यांना जास्तीत जास्त १० दिवस नजरेखाली ठेवायचं, मळके कपडे आणि अंथरुणं निर्जंतुक करायची. वापरलेले कपडे, चिंध्या असा माल नाकारण्याची मुभा देशांना होती. यात्रेकरूंच्या जहाजांसाठी वेगळी आणि जास्त कडक कलमं होती. या काळावरच्या फलकावर ४० दिवसांचं क्वारंटाइन लिहू नका. १८९७ ला कमाल मुदत १० दिवस, १९०३ ला निरीक्षण ५ दिवसांवर आलं, १९२६ ला ६ दिवस ठरलं.

या सगळ्या वर्गवारीत उंदीर नाही, हे मुद्दाम पाहून ठेवा. १८९७ चा बंदोबस्त पूर्णपणे माणूस, त्याचे कपडे आणि त्याचं अंथरूण यांच्याभोवती उभा होता.

आता धक्क्यावर प्रत्यक्ष काय चालायचं ते. मुंबईतून बोट सुटण्याआधी प्रवासी आणि खलाशी दोघांचीही तपासणी होई. यादीतली नावं आणि समोरची डोकी जुळवायची, कारण तापाने फणफणलेला माणूस सामानामागे लपवला जाण्याचा धोका पहिला. मग एकेकाला डॉक्टरसमोरून चालवायचं. हे चालवणं निरर्थक नव्हतं. प्लेगचा रोगी दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, बोलताना जीभ जड होते, डोळे लाल असतात. एवढं दिसलं की बाजूला काढायचं. बाकीच्यांची जीभ पाहायची, ताप मोजायचा, जांघ, काख आणि मान चाचपून गाठ आहे का ते बघायचं.

ही तपासणी का फसली, ते तितक्याच तपशिलाने सांगायला हवं. लागण झाल्यापासून ताप येईपर्यंत साधारण दोन ते सहा दिवस जातात. तेवढ्या काळात माणूस ठणठणीत दिसतो आणि डॉक्टरसमोरून ताठ चालत बोटीवर चढतो. फुप्फुसाच्या किंवा रक्तात भिनलेल्या प्लेगमध्ये गाठ येईलच असं नाही, म्हणजे चाचपून हाती काही लागत नाही. उलट मलेरियाचा ताप, उन्हात तासभर उभं राहून तापलेलं अंग, जांघेतली जुनी गाठ, पायाच्या जखमेमुळे सुजलेली गाठ, यांवर निरोगी माणसं अडकायची. अनवाणी चालणाऱ्या हमालाच्या पायाला जखम नसेल असं क्वचितच. आणि परक्या पुरुष डॉक्टरने भर धक्क्यावर बाईची काख आणि जांघ चाचपायची, हा नियम कागदावर लिहिणाऱ्याला त्याचा अर्थ कळलेला नव्हता. नंतर बाई डॉक्टर नेमल्या गेल्या, पण सगळीकडे नाहीत. तोवर लोकांनी आजार लपवायला सुरुवात केली होती, आणि लपवलेला रोगी हाच साथीला सगळ्यात सोयीचा.

शिवाय पहारा होता तो आगबोटींवर. मांडवीत रोग पसरल्यावर आठ लाखांवर वस्तीच्या मुंबईतून फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळपास निम्मी माणसं बाहेर पडली. त्यातली कोकणातली माणसं बोटीने गेली, तशी मचव्यांनी, पडावांनी आणि फतेमाऱ्यांनीही गेली. रेवदंड्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत खाड्याच खाड्या. भरतीला जिथे पडाव लागतो त्या प्रत्येक ठिकाणी डॉक्टर बसवणं कोणत्याही सरकारला जमण्यासारखं नव्हतं. मोठं बंदर जितकं आवळलं जातं तितकी माणसं छोट्या बंदराकडे सरकतात, हे गणित आजही बदललेलं नाही. गोदीतला हमाल चाकरमानी होता, त्याचं घर दाभोळला किंवा मालवणला होतं. त्याने गावाकडे धाव घेतली याला बेशिस्त म्हणणारे फलक कृपा करून लावू नका.

कपड्यांच्या निर्जंतुकीकरणाबद्दल बहुतेक ठिकाणी 'धुरी दिली' एवढंच लिहिलेलं असतं. धुरी आणि वाफ या वेगळ्या गोष्टी आहेत. कपडे, गोधड्या, गाद्या यांच्यासाठी वाफेची बंद टाकी असे. गठडी आत ठेवायची, दार आवळायचं, आधी आतली हवा पूर्ण बाहेर घालवायची आणि मग वाहती वाफ निदान अर्धा तास चालू ठेवायची. चूक होते ती हवा घालवण्यात. गठडी घट्ट बांधलेली असेल तर मधोमध हवा कोंडून राहते, बाहेरचं कापड चटका बसेल इतकं तापतं आणि आतली घडी कोमट राहते. जाणकार माणूस गठडीच्या गाभ्यात थर्मामीटर ठेवायचा आणि तो शंभर अंशांवर गेल्यापासून वेळ मोजायचा. घाईच्या दिवशी दार लावल्यापासून मोजली जायची. चामडं, लोकर लावलेली कातडी, सरसाने चिकटवलेल्या वस्तू वाफेत वाया जातात. रक्ताचे डाग आधी थंड पाण्यात न धुता वाफेत घातले तर कायमचे बसतात. हजयात्रेला निघालेल्या माणसाच्या एकुलत्या एक वळकटीची अशी वाट लागली की त्याचा राग येणारच.

भिंती, जमीन आणि बोटीचे कप्पे यांच्यासाठी रसकापूर, म्हणजे पाऱ्याचं परक्लोराइड वापरत. इंग्लंडमधल्या आरोग्य खात्याचं ठरलेलं प्रमाण असं: अर्धा औंस परक्लोराइड, एक औंस मिठाचं आम्ल, ५ ग्रेन निळा रंग आणि ३ गॅलन पाणी. म्हणजे जवळपास हजारात एक. निळा रंग औषधाचा भाग नव्हता. द्रावण पाण्यासारखं स्वच्छ दिसतं आणि जालीम विष आहे, म्हणून कोणी पिऊ नये यासाठी तो घालायचा. धातूच्या बादलीत हे द्रावण ठेवलं की पारा धातूवर बसतो आणि पाणी निरुपयोगी होतं. लाकडी पिंप किंवा मातीचं भांडंच हवं. नाटकात पत्र्याची चकचकीत बादली दाखवू नका. आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर हे ओतलं की शेणातल्या सेंद्रिय द्रव्यांशी पाऱ्याचा संयोग होऊन त्याची ताकद तिथेच संपते. मुंबईच्या चाळींतून आणि गटारांतून ओतलेल्या औषधांवर अमाप खर्च झाला, आणि ज्याच्यामुळे रोग पसरत होता त्याच्या अंगाला ते लागलंही नाही.

तो म्हणजे उंदीर आणि त्याच्या अंगावरची पिसू. उंदीर पडू लागले की घर सोडायचं, हे गढवाल-कुमाऊंच्या डोंगरातल्या लोकांना पूर्वीपासून ठाऊक होतं. १८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सिन या शास्त्रज्ञाने मेलेल्या उंदरांत प्लेगचाच जंतू पाहिला होता. मांडवीच्या धान्याच्या वखारींत माणसांआधी उंदीर पडल्याचं १८९६ च्या लोकांनी पाहिलं होतं. मांडवी म्हणजे प्रिन्सेस डॉक आणि मशीद बंदराला लागून असलेली धान्यपेठ: बारदान, सांडलेलं धान्य, कौलांच्या पोकळ्या, वर राहणारी माणसं. संग्रहालयात नकाशा लावणार असाल तर गोदी, वखारी आणि पहिल्या रोग्यांची वस्ती एकाच चौकटीत दाखवा. मजकुराची अर्धी गरज संपेल.

२ जून १८९८ ला कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने पिसवांमार्फत आजारी उंदरापासून निरोगी उंदराला प्लेग होतो हे प्रयोगाने दाखवलं. पुष्कळांनी ते मानलं नाही. खात्री पटली ती परळच्या प्रयोगशाळेत, १९०५ पासून पुढच्या दोन-तीन वर्षांत. तिथल्या आवारात सहा खोपटी बांधली होती. दोनांवर देशी कौलं, दोनांवर मंगळुरी कौलं, दोनांवर पत्रे. छपराखाली जाळी, म्हणजे उंदीर वर राहतील, खाली येणार नाहीत, पण त्यांच्या अंगावरच्या पिसवा खाली पडतील. खाली गिनीपिग सोडले. उंदराचा स्पर्श नसतानाही ते प्लेगने मेले. पुढे जमिनीपासून दोन इंचांवर आणि दोन फुटांवर पिंजरे टांगून पाहिले. दोन फुटांवरचे वाचले, कारण पिसू चारेक इंचांपलीकडे उडी मारू शकत नाही. हा प्रयोग आपल्या मुंबईत झाला आणि जगभरच्या बंदरांचे नियम त्यावर पक्के झाले. सातवी-आठवीतल्या मुलांना तो पुठ्ठ्यात करून दाखवता येईल इतका सरळ आहे. तो पाठ्यपुस्तकात आणला जात नाही, याचं आम्हाला मनापासून दुःख आहे.

१९०३ च्या पॅरिस करारात उंदीर मारणं दूषित जहाजांना सक्तीचं झालं. १९२६ च्या करारात नियम आणखी नेमका झाला, आणि त्यातली अक्कल समजावून सांगण्यासारखी आहे. माणूस बोटीवर चढल्यापासून सहा दिवसांच्या आत आजारी पडला, तर त्याने रोग बहुधा किनाऱ्यावरून आणला, जहाज संशयित. सहा दिवसांनंतर आजारी पडला, तर रोग त्याला जहाजावरच लागला, म्हणजे जहाजातल्या उंदरांत प्लेग आहे, जहाज दूषित. प्लेगचे उंदीर सापडले, तर एकही माणूस आजारी नसताना जहाज दूषित. मुंबई ते एडन सुमारे १,६५० समुद्री मैल. ताशी ११-१२ मैलांच्या आगबोटीला सहा दिवस लागत. मुंबईत लागण झालेला माणूस एडनपर्यंत बहुधा उघडा पडायचा. उंदरांतली साथ मात्र होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मालाच्या कोठारात, आठवडेच्या आठवडे धुमसत राहू शकते आणि माल उतरवताना दुसऱ्या खंडात बाहेर पडते. १८९७ चा नियम या जहाजाला निरोगी म्हणून सोडून देत होता.

उंदीर मारण्याची रीत सविस्तर देतो, कारण इथे फलक आणि पटकथा दोन्ही सर्रास चुकतात. गंधकाचा धूर ही सगळ्यात स्वस्त रीत. रिकाम्या होल्डला दर हजार घनफुटांमागे ३ पौंड गंधक आणि निदान सहा तास. भरलेल्या होल्डला त्याच्या दुप्पट वेळ. एक लाख घनफुटांच्या होल्डला ३०० पौंड, म्हणजे १३६ किलो गंधक झालं. ते एका ढिगात पेटवायचं नाही. लोखंडी भांड्यात ३० पौंडांपर्यंतच घालायचं, म्हणजे दहा भांडी लागली. प्रत्येक भांडं पाण्याने भरलेल्या टबात ठेवायचं: आग पसरत नाही, आणि उष्णतेने पाण्याची वाफ होऊन धुराला ओल मिळते, जंतूंवर गंधकाचा धूर चालतो तो ओलीतच. भांडी होल्डच्या तळाशी ठेवायची नाहीत. हा वायू हवेच्या दुपटीहून जड असतो, खाली साचतो आणि स्वतःचीच आग विझवतो. उंचावर ठेवायची, स्पिरिट ओतून पेटवायची आणि माणसाने वर यायचं. त्याआधी हॅच, म्हणजे होल्डचं वरचं तोंड, सोडून सगळी भोकं बंद: हवेच्या नळ्यांवर ताडपत्री, फटींवर खळीने चिकटवलेले कागद. शेवटी हॅचवर ओली ताडपत्री.

आणि सगळ्यात आधी माणसांची मोजदाद. खलाशी किती उतरले, कोणी खाली झोपलेलं आहे का, कोणी चोरून चढलेलं आहे का. ही पायरी कधीही गाळायची नाही.

हे काम धक्क्याला लागून करत नाहीत. धुराचा वास येताच उंदीर दोरांवरून उतरतात, म्हणून जहाज बंदराबाहेर नांगरावर असतानाच करायचं. धान्याने भरलेल्या होल्डमध्ये धूर गोण्यांच्या थरात नीट शिरत नाही. वरचे उंदीर मरतात, मधले जगतात. तिथे माल उतरवून पुन्हा धूर द्यावा लागतो. ओलसर मालाला, फळांना धूर बाधतो, कापडाचे रंग उडतात, धातू गंजतो, त्यामुळे व्यापारी दरवेळी अर्धवट धुरावर भागवा म्हणून मागे लागायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या क्लेटन यंत्रात गंधक जहाजाबाहेर भट्टीत जाळून, वायू थंड करून पंख्याने होल्डच्या तळाशी ढकलत आणि वरून हवा ओढून घेत. आगीची भीती गेली. हॅम्बुर्गला कार्बन मोनॉक्साइड वापरून पाहिला. मालाला काही होत नाही, उंदीर पटकन मरतात, पण पिसवा जिवंत राहतात आणि मेलेल्या उंदरावरची भुकेली पिसू जिवंत उंदरावरच्या पिसवेहून घातक. त्या वायूला वासही नाही, त्यामुळे माणसं कळायच्या आत मरायची. पुढे हायड्रोसायनिक आम्लाचा वायू आला: हजार घनफुटांना २ औंस, दोन तास. काम झटपट, पण हवा पूर्ण निघायच्या आधी खाली उतरलेला खलाशी परत वर येत नसे.

धुरानंतर हॅच उघडून हवा खेळू द्यायची, मग उंदीर वेचायचे. चिमट्याने वेचायचे, हाताने कधीच नाही. रॉकेलमध्ये किंवा औषधात बुडवायचे, मोजायचे आणि जाळायचे. काही उंदीर जंतू तपासण्यासाठी प्रयोगशाळेत. जहाजाच्या लाकडी अस्तरामागे मेलेले उंदीर मोजणीत येत नाहीत, त्यांचा वास मात्र आठवडाभर येतो. आकडा शून्य आला की जाणत्या अधिकाऱ्याला आधी संशय यायचा.

दोरांवरच्या थाळ्या हा विषय चित्रकारांसाठी. जहाज धक्क्याला बांधणाऱ्या प्रत्येक दोरावर पत्र्याची गोल थाळी बसवतात, व्यास तीन फूट. ती दोराला काटकोनात हवी, मधल्या भोकाची फट चिंध्यांनी गच्च भरलेली हवी, आणि शेजारच्या दोराला टेकता कामा नये. टेकली की उंदीर शेजारच्या दोरावरून येतो. वाऱ्याने थाळी आडवी पडते, हे नेहमीचं. दोराला डांबर फासण्याचा उपाय डांबर सुकेपर्यंतच चालतो. जहाज धक्क्यापासून चार फूट दूर ठेवायचं, रात्री शिडी उचलून घ्यायची, उचलता येत नसेल तर तिच्यावर झगझगीत दिवा ठेवायचा. जहाजांत राहतो तो काळा उंदीर सडपातळ, शेपूट अंगाहून लांब, दोरावर डोंबाऱ्यासारखा चालतो. गटारातला मोठा तपकिरी उंदीर वेगळा. चित्रात बहुतेक वेळा तोच असतो, बदला.

मालिकांसाठी आणखी काही. १८९७ च्या धक्क्यावर दोरांना थाळ्या दाखवू नका. डॉक्टरांच्या तोंडावर कापडी मास्क दाखवू नका. प्लेगमध्ये मास्कचा वापर रुळला तो १९१०-११ च्या मांचुरियातल्या साथीत. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्रवाशांना सरसकट लस टोचताना दाखवू नका. प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिनने स्वतःला ती टोचून घेतली ती १० जानेवारी १८९७ ला आणि भायखळ्याच्या तुरुंगातली चाचणी त्याच महिन्याच्या अखेरीस झाली. पिवळा झेंडा मात्र दाखवा. तेव्हा तो जहाज अडवलेलं आहे याची खूण होता. आजच्या संकेतावलीत तोच झेंडा 'जहाज निरोगी आहे, मोकळीक द्यावी' अशी विनंती करतो.

हजच्या प्रवासाला एक स्वतंत्र फलक मिळायला हवा. मुंबई हे यात्रेकरूंचं मोठं बंदर होतं आणि तांबड्या समुद्राच्या तोंडाशी कामरान बेटावर तुर्की सरकारचं क्वारंटाइन ठाणं होतं. तिथे यात्रेकरूंना उतरवून, अंघोळ घालून, कपडे वाफेत घालून दिवस काढायला लावत आणि त्याचे पैसेही घेत. पहिल्या वर्गाचा युरोपियन प्रवासी त्याच समुद्रातून सुएझकडे जात होता, त्याच्या वाट्याला हे येत नव्हतं. कोकणातली मुसलमान कुटुंबं, खलाशी, हमाल यांच्याशिवाय बंदराचा इतिहास लिहिला तर तो अधिकाऱ्यांचा इतिहास होतो.

हे सगळं शंभर वर्षांमागचं म्हणून सोडून देण्यासारखं नाही. परदेशी जाणाऱ्या जहाजाला आजही आरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्याची मुदत सहा महिन्यांची, आणि १९२६ च्या उंदीरमुक्तीच्या दाखल्याची मुदतही सहा महिन्यांचीच होती. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग आणि सुरतेत फुप्फुसाचा प्लेग निघाल्यावर अनेक देशांनी आपली विमानं थांबवली. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने करोनासाठी १८९७ चाच कायदा लावला, आणि विमानतळांवर ताप मोजायची यंत्रं तर त्याआधीच उभी राहिली होती. लक्षणं दिसण्याआधीच्या दिवसांत ताप मोजून काही कळत नाही, ही अडचण मुंबईच्या धक्क्यावरच्या डॉक्टरांचीच होती.

तर आमचं मागणं असं. धड्यात किंवा फलकावर १८९७ च्या कायद्याचा उल्लेख येईल तिथे बंदर आणि जहाज हे शब्द यावेत. परळच्या सहा खोपट्यांचा प्रयोग विज्ञानाच्या किंवा इतिहासाच्या, कुठल्याही एका पुस्तकात आकृतीसह यावा. मुंबईतल्या संग्रहालयांनी वाफेची टाकी, गंधकाचं भांडं आणि दोराची थाळी यांच्या खऱ्या मापाच्या प्रतिकृती कराव्यात. तीन फुटांची थाळी कोणत्याही पत्र्याच्या कारागिराकडे एका दिवसात होते. आणि बंदराच्या आरोग्य विभागांची जुनी तपासणीपुस्तकं, जहाजांच्या नोंदी, उंदरांच्या मोजणीचे कागद कुठल्या कपाटात असतील, तर ते रद्दीत जाण्याआधी पुराभिलेखागाराकडे द्यावेत. मसुदा तपासायला द्या. तारखा, मापं आणि चित्रं आम्ही विनामूल्य पाहून देऊ.

आपले,
बंदरांच्या आणि साथींच्या इतिहासाचे काही अभ्यासक